मदत हवी आहे : दशांशातील मापाचे अतिसंक्षिप्त अपूर्णांकात रूपांतर कसे करावे?

नमस्कार. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचे लेथचे लहानसे वर्कशॉप असून तेथे यंत्रमागांचे शाफ्ट आणि बुश दुरुस्त करण्याचे काम चालते. जुन्या मागांची मापे इंचात असतात. डिजिटल व्हर्नियर ते माप ०.८१२५ असे दाखवतो, ड्रिलवर मात्र १३/१६ असे कोरलेले असते आणि कारागीर तर सुतातच बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पावकी-निमकी मुखोद्गत असलेल्या आमच्या जुन्या मंडळींना ०.६२५ म्हणजे पाच सूत, हे सांगायला कागद लागत नाही. अडचण आहे ती दहावी होऊन नुकत्याच हाताशी आलेल्या माझ्या पुतण्याची.

शाळेत शिकल्याप्रमाणे तो ८१२५/१०००० असे बरोबर लिहितो, परंतु पुढे मसावि काढण्यासाठी ३, ७, ११ अशा एकेका संख्येने भागून पाहण्यात त्याचा बराच वेळ जातो. यासाठी एखादी निश्चित रीत आहे काय? दुसरे असे की, पाच इंचांचे फूट करताना कॅल्क्युलेटर ०.४१६६६६ असे उत्तर देतो, ते दहा लाख छेद घेऊन लिहावे काय? आणि तिसरे, काल एका शाफ्टचे माप ०.५९०५ इंच आले. त्याचा संक्षेप केल्यावर ११८१/२००० उरते, ज्याचा ड्रिलच्या संचाशी काहीच मेळ बसत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपल्या पुतण्याला ३, ७, ११ यांच्या वाटेला जाण्याचे कारणच नाही. दशांश चिन्हापुढे जितके अंक, तितकी शून्ये छेदात येतात, म्हणजे छेद नेहमी १०, १००, १००० असाच असतो आणि त्याचे मूळ अवयव २ व ५ हे दोनच असतात. म्हणून अंशाला दुसऱ्या कोणत्याही मूळ संख्येने भाग गेला तरी छेदाला तो जाणार नाही. ८१२५ ही विषम संख्या असल्याने २ चा प्रश्न मिटला. राहिला ५. वर ८१२५, १६२५, ३२५, ६५, १३ आणि खाली १००००, २०००, ४००, ८०, १६ असे उतरत गेले की १३/१६ हाती येते. अंशाच्या एककस्थानी ०, ५ किंवा सम अंक उरला नाही की थांबावे. माप १.१८७५ असे असल्यास १ बाजूला ठेवून केवळ ०.१८७५ चा संक्षेप करावा. उत्तर १ पूर्णांक ३/१६.

०.४१६६६६ ची गोष्ट वेगळी आहे. तेथे ६ अखंड पुन्हा पुन्हा येतो, कॅल्क्युलेटर केवळ जागा संपली म्हणून थांबतो, त्यामुळे दहा लाख छेद घेतला तर मूळ संख्येपेक्षा किंचित लहान, भलताच अपूर्णांक मिळतो. संख्येला क्ष मानावे. १००० क्ष = ४१६.६६६… आणि १०० क्ष = ४१.६६६… यांची वजाबाकी केली की आवर्ती शेपूट गळून पडते आणि ९०० क्ष = ३७५ उरते, म्हणून क्ष = ३७५/९००. येथे छेदात ३ हा अवयव आला आहे, तेव्हा ३ ने भागून पाहणे आवश्यक आहे. ७५ ने संक्षेप केल्यावर ५/१२ मिळते, आणि फुटाचे इंच बारा असल्याने ते पडताळूनही पाहता येते.

प्रतिसाद २

वरील विवेचनाशी सहमत आहे. ११८१/२००० हा संक्षेप गणित म्हणून बिनचूक आहे, पण त्या मापाजवळचा ड्रिल हवा असेल तर रीत बदलते : इंचाचे ६४ समान भाग मानून ०.५९०५ ला ६४ ने गुणल्यास ३७.७९२ येतात, म्हणजे सर्वांत जवळचे माप ३८/६४, अर्थात १९/३२. हे मूळ मापाइतके नाही, ते इंचाच्या सुमारे तीन हजारांशांनी मोठे आहे, आणि बेअरिंगच्या बसणीत तेवढा फरक मी तरी चालवून घेणार नाही.

मात्र त्याआधी व्हर्नियरचे बटण दाबून तेच माप मिलिमीटरमध्ये पाहावे. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, तेव्हा ०.५९०५ इंच म्हणजे जवळजवळ नेमके १५ मिलिमीटर होतात. ६२०२ क्रमांकाच्या बेअरिंगचे आतील भोक १५ मिलिमीटरचेच असते, त्यामुळे तो शाफ्ट मुळातला नसून मागाहून बदललेला असावा. त्याला इंचाच्या अपूर्णांकात बसवण्याचा खटाटोप न करता बेअरिंगवरील क्रमांक वाचावा.