मदत हवी आहे: केजीएफच्या खाणीत उतरायचं तिकीट कुठे मिळतं?

रानवारा
शनिवारी मित्रांसोबत केजीएफला, म्हणजे कर्नाटकातल्या कोलार गोल्ड फील्ड्सच्या सोन्याच्या खाणी बघायला जायचं ठरतंय. सकाळी निघून रात्री घरी. खाणीत खाली जायचं तिकीट कुठे काढायचं? आधी बुकिंग लागतं का? नेटवर शोधून डोकं उठलं, सगळीकडे नुसती सिनेमाची माहिती. आज रात्रीपर्यंत सगळ्यांना कळवायचंय, लवकर सांगा प्लीज.

घाटवाट
निघणार कुठून? गाडी आहे का? पुण्याहून एका दिवसात विचारत असाल तर विसरा.

रानवारा
बंगळूरहूनच, इथेच राहतो आम्ही. गाडीचं नंतर बघू. तिकिटाचं सांगा ना.

तांबडमाती
तिकीट नाही, कारण खाली सोडतच नाहीत. भारत गोल्ड माइन्सने २८ फेब्रुवारी २००१ ला काम थांबवलं. पुढे पंप बंद पडले आणि खाणीत पाणी भरलं. वरचे लोखंडी मनोरे रस्त्यावरून दिसतात, पण आवारात पहारेकरी अडवतात. हुज्जत घालू नका, ते त्यांचं काम करतात.

कोकणकडा
काहीतरीच. माझे काका तिथल्या चॅम्पियन रीफ खाणीत पार तळाशी जाऊन आलेत. ओळख काढली की होतं.

तांबडमाती
काका कधी गेले होते? खाण चालू असताना ना? ती ३ किलोमीटरहून खोल आहे. तळाच्या खडकाचं तापमान ६० अंशांच्या वर, गार हवा खाली सोडायला वेगळी यंत्रणा होती. आता ती यंत्रणा नाही, खाली नेणारा पिंजरा (लिफ्ट) नाही, खाली पाणी आहे. कुणाची ओळख कामाला येणार? ते लोकांना सांगूही नका, कुणीतरी खरंच प्रयत्न करेल.

वैदर्भी
खाणच बघायची तर नागपूरला या. सावनेरला कोळशाच्या खाणीचं पर्यटन सुरू केलंय. आधी चौकशी करून या मात्र.

घाटवाट
ताई, ते बंगळूरहून एका दिवसात म्हणतायत.

कोकणकडा
मग हट्टीला जा, तिथे अजून सोनं निघतं.

तांबडमाती
हट्टी रायचूर जिल्ह्यात आहे. तेही एका दिवसात होत नाही, आणि चालू खाणीत परवानगीशिवाय कुणी फाटकापाशीही उभं करत नाही.

रानवारा
म्हणजे केजीएफला जाऊच नये का? मग काय बघायचं तिथे?

कणकण
जरूर जा! मुंबईच्या टीआयएफआर या विज्ञान संशोधन संस्थेच्या लोकांनी जपानी आणि ब्रिटिश शास्त्रज्ञांबरोबर याच खाणीत, २ किलोमीटरहून जास्त खोलीवर, १९६५ मध्ये वातावरणातले न्यूट्रिनो, म्हणजे खडकातूनही आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण, पकडले. वर एवढा खडक असल्यामुळे इतर वैश्विक किरण गाळले जायचे. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीतही ते सापडले. आपल्याकडे शाळेत हे कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

घाटवाट
छान आहे, पण त्यातलं वर काय दिसणार?

कणकण
दिसणार काहीच नाही. पण कुठे उभे आहोत ते माहीत असावं. आणखी एक, कावेरीवरच्या शिवनसमुद्र जलविद्युत केंद्राची वीज १९०२ मध्ये आधी या खाणींना मिळाली, बंगळूरच्या रस्त्यांवर दिवे १९०५ ला लागले.

तांबडमाती
माझं ऐकाल तर गाडी नेऊच नका, रेल्वेने जा. बंगारपेटहून खाणींसाठी टाकलेला फाटा आहे: कोरोमंडल, उरगाव, चॅम्पियन, शेवटी मारिकुप्पम. बंगळूरहून थेट मारिकुप्पमच्या गाड्याही आहेत. कुठल्याही स्टेशनवर उतरून वस्तीतून चाला. कामगारांच्या चाळी, चर्च, साहेबांचे बंगले, सगळं एकमेकांना लागून आहे. म्हाताऱ्या माणसांशी बोला. तमिळ येणारा कुणी आहे का तुमच्यात? तिथे तमिळच जास्त चालतं.

रानवारा
एकाला येतं, तोच नाही म्हणत होता. सायनाइडच्या टेकडीवर फोटो काढता येतात ना?

कोकणकडा
येतात की, शूटिंगसुद्धा झालंय.

तांबडमाती
सायनाइड वापरून सोनं वेगळं केल्यावर उरलेली दगडाची भुकटी आहे ती, डोंगरावरची माती नव्हे. वाऱ्याच्या दिवशी ती आजूबाजूच्या घरांत जाते, लोक वर्षानुवर्षं सोसतायत. लांबून फोटो घ्या, चढू नका.

वैदर्भी
कोटिलिंगेश्वरचं देऊळही तिथून जवळच आहे, रिक्षा करा.

रानवारा
ठरलं, रेल्वेने जातोय, कोटिलिंगेश्वर वेळ उरला तर. मारिकुप्पमहून परतीची शेवटची गाडी किती वाजता?

घाटवाट
इथल्या कुणाच्या आठवणीवर जाऊ नका, रेल्वेच्या ॲपवर शनिवारची वेळ बघा. ती चुकली तर रस्त्याने बंगारपेट गाठा, तिथून मुख्य मार्गाच्या गाड्या मिळतात.