सीएनजी की इलेक्ट्रिक? आधी पार्किंगमधलं सॉकेट बघा

सीएनजी गाडी घ्यावी की इलेक्ट्रिक, याची सगळी तुलना किलोमीटरमागच्या खर्चावर चालते. खरी मेख पार्किंगमध्ये आहे. 30 युनिटची बॅटरी साध्या 15 अँपिअरच्या सॉकेटवर सुमारे 3 किलोवॅटने भरते. चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून मीटरवर 33-34 युनिट पडतात, म्हणजे 11 तास. इतका वेळ सलग भार आला की जुनी 1.5 चौ. मिमी वायर तापते आणि सैल स्क्रूपाशी सॉकेट वितळतं. मीटरपासून स्वतंत्र 4 चौ. मिमी तांब्याची वायर, 20 अँपिअरचा एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच), 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा, शॉकपासून वाचवणारा स्विच) घ्या. अर्थिंग कच्चं असेल तर बऱ्याच गाड्या चार्जिंग सुरूच करत नाहीत (आणि शिव्या चार्जरला!). सोसायटी वायर ओढू देत नसेल, तर सीएनजीची रांग परवडली.