व्हेर्दों दरीतल्या पायवाटा, आईबाबांसोबत: मदत हवी आहे

मंडळी, मे अखेरीस आईबाबा साताऱ्याहून आमच्याकडे ल्योंला येताहेत. पॅरिस मागच्या खेपेला झालं. या वेळी बाबांनी फोनवरच बजावलंय, "टॉवरबिवर पुरे झाले, डोंगरात ने." म्हणून प्रोव्हाँसमधल्या व्हेर्दों नदीच्या दरीत तीन-चार दिवस काढायचं ठरतंय. फोटो सगळ्यांनी पाहिले असतील: पाचूसारखं हिरवं पाणी आणि दोन्ही बाजूंना चुनखडीचे कडे, काही ठिकाणी ७०० मीटरपर्यंत उंच.

अडचण आहे ती माणसांच्या खिचडीची. बाबा सहासष्टचे, रक्तदाबाची गोळी चालू, पण अजिंक्यतारा अजून रोज सकाळी चढतात आणि वासोट्याला जाऊन आल्याचं दर महिन्याला ऐकवतात. आईचे गुडघे दुखतात, चढ एकवेळ जमतो, उतार नको म्हणते. लेक नऊ वर्षांची. नवऱ्याला चालायचा कंटाळा, गाडी मात्र कितीही चालवेल.

ब्लाँ-मार्तेल या प्रसिद्ध वाटेबद्दल बरंच वाचलंय. मालीनच्या विश्रामगृहापासून प्वाँ स्युब्लीमपर्यंत साधारण १५-१६ किलोमीटर, सहा-सात तास, मध्ये लोखंडी शिड्या आणि अंधारे बोगदे. बाबांचा जीव त्या शिड्यांवर जडलाय. तर विचारायचं असं की:

शिड्या किती अवघड आहेत? हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारखं काही असेल तर मी सरळ नाही म्हणेन. वाट एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्याच टोकाला संपते, मग गाडीचं काय करायचं? आई आणि लेकीने तोवर काय करावं? गाडीतून कडे बघून आईचं समाधान होणार नाही, तिला पाण्याशी जायचंय. आणि राहायला मुस्तिए, ला पालू की कास्तेलान? स्वयंपाकघर असलेली जागा हवी, बाबांना दोन दिवसांनी भाकरी लागते.

उन्हाळ्यातल्या गर्दीचे किंवा फक्त गाडीने फिरल्याचे अनुभव कृपया नकोत, ते भरपूर वाचून झालेत.

प्रतिसाद:
ताई, आम्ही तुलूजहून तिकडे जात असतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

शिड्या नळीच्या वाटेसारख्या मुळीच नाहीत. ब्रेश आँबेर नावाच्या खिंडीत आहेत, एकूण २५२ पायऱ्या, टप्प्याटप्प्याने, दोन्ही बाजूंना कठडा. मालीनहून निघालात तर त्या उतरायच्या असतात, उलट दिशेने आलात तर चढायच्या. तोंड शिडीकडे करून उतरा म्हणावं. वासोटा करणाऱ्या माणसाला शिड्या जड जाणार नाहीत. वाट लांबल्यामुळे दमायला होतं, आणि मालीनहून नदीपर्यंत सुरुवातीलाच जो उतार आहे तिथे खडी घसरते. काठ्या न्या. पांढऱ्या-लाल पट्ट्या सगळीकडे रंगवलेल्या आहेत, चुकायला होत नाही.

वाटेत प्यायचं पाणी नाही. प्रत्येकी दोन-तीन लिटर लागेल. बोगद्यांसाठी प्रत्येकाच्या डोक्याला बॅटरी हवी, मोबाईलच्या उजेडावर जाऊ नका. मोठा बाऊ बोगदा सुमारे ६७० मीटर लांब आहे, खाली डबकी असतात, हाताला भिंत ओली लागते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नदीचं पाणी वळवून वीज करायचा बेत होता, त्यासाठी हे खोदले आणि बेत सोडून दिला. आपल्याला आयती वाट मिळाली.

अर्त्युबी नदी जिथे व्हेर्दोंला मिळते त्या मेस्क्लाला जायला मुख्य वाटेवरून एक फाटा फुटतो. वेळ असेल तर चुकवू नका, डबा तिथेच खा.

आता गाडीचं. जुलै-ऑगस्टमध्ये दोन टोकांमध्ये बस फिरते. मेमध्ये तिचा भरवसा शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांपुरताच धरा, वेळापत्रक ला पालूच्या पर्यटन कार्यालयातून ताजं घ्या. पण तुमच्या घरात तर गाडी चालवणारा माणूस आयता बसलाय! त्यांनी तुम्हा दोघांना सकाळी मालीनला सोडावं आणि आल्या रस्त्याने परत फिरावं. पुढे क्रेतच्या, म्हणजे कड्यांच्या माथ्यावरून जाणाऱ्या, रस्त्यावर तिथून चढता येत नाही, तो भाग एकेरी आहे. ते कडे गाडीतून बघायचे तर दुसऱ्या दिवशी ला पालूच्या पूर्वेकडून घुसा, म्हणजे मालीनच्या बाजूने उतराल. वर गिधाडं अगदी डोळ्यांच्या उंचीवरून जातात.

प्रतिसाद:
वरच्यांना एक जोड. प्वाँ स्युब्लीमपर्यंत चालायची गरज नाही. मोठा बोगदा जिथे संपतो तिथेच खाली सामसों नावाचा गाडीतळ आहे, जेमतेम काही गाड्या मावतात. बाबांना शेवटची चढण वाचेल. आई आणि लेकीला घेऊन नवऱ्याने दुपारी तिथे पोचावं. थोड्या पायऱ्या उतरून पूल ओलांडला की बोगद्याचं तोंड. लेकीला बॅटरी घेऊन थोडं आत जाता येईल, आई नदीकाठी दगडावर बसेल.

मात्र पाण्यात उतरू देऊ नका, पाऊल बुडवायलासुद्धा लांब नको. वर कास्तियों आणि शोदान अशी दोन धरणं आहेत. वीज करायला पाणी सोडलं की ऊन असलं तरी दरीतली पातळी झपाट्याने वाढते. तसे फलक लावलेत, लोक त्यांच्यापुढेच उभे राहून फोटो काढतात.

आईला खरोखर पाण्यात जायचं असेल तर सँत-क्रुआच्या तलावावर न्या. गालेता पुलाजवळ पायडलच्या आणि विजेच्या होड्या भाड्याने मिळतात, दरीच्या तोंडातून आत शिरता येतं. गुडघ्यांना काहीच त्रास नाही. हा तलाव धरणाचा आहे, १९७०च्या दशकात भरला आणि साल गाव त्याखाली गेलं. नवं गाव काठावर वसवलंय. कोयनेकाठच्या माणसांना हे सांगायला नकोच.

प्रतिसाद:
मुस्तिएतच राहा असं मी म्हणेन. ला पालू दरीला जवळ, पण संध्याकाळी दुकान बंद झालं की झालंच. मुस्तिएच्या वर कड्यात चॅपेल आहे, २६२ पायऱ्या. आईला नको म्हणा, बाबा पहाटे धावत जातील.

प्रतिसाद:
मेच्या शेवटी आसाँस्यों आणि पाँतकोत या ख्रिस्ती सणांच्या जोडसुट्ट्या कधी येतात ते बघून तारखा धरा. त्या दिवसांत मालीनचा रस्ता गाड्यांनी भरतो आणि शिड्यांवर रांग लागते. आधीच्या दोन दिवसांत जोराचा पाऊस झाला असेल तर ब्लाँ-मार्तेल सोडून द्या, खडक फार निसरडा होतो.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. सामसोंची युक्ती तर फारच आवडली, नवराही खूश आहे, कारण त्याच्या वाट्याला चालणं आलंच नाही.

एक नवीन भानगड. बाबांना कुणीतरी आँब्युच्या वाटेचे व्हिडिओ पाठवलेत, आता ते म्हणतात ब्लाँ-मार्तेल नंतर, आधी आँब्यु. काय सांगू?

प्रतिसाद (तुलूजवाले):
सांगा, नाही. ती वाट पलीकडच्या काठावर आहे, म्हणजे मुक्काम मुस्तिएत असेल तर तासभर गाडी आणखी. खडकाला तारा बांधल्यात, त्या धरून जायचं. वर येताना विदालची चढण तर जवळजवळ उभीच, ती फक्त चढायला वापरतात. पहिल्यांदा दरीत जाणाऱ्याने आणि त्यातही एकाच सोबत्याबरोबर आँब्यु करू नये, मग वय काहीही असो. बाबांना म्हणावं, वासोट्याला पहिल्यांदा गेलात तेव्हा नागेश्वर केलं होतं का?

आणि ब्लाँ-मार्तेलसाठी सात-साडेसातला मालीन सोडा. नवऱ्याला वेळ आधीच ठरवून द्या, दरीत मोबाईलला रेंज नसते. आठ तास मोजा आणि वर एक तास धरा, त्याआधी त्याने काळजी करू नये.