समुपदेशकांनी हातात तक्ता दिला. यामागे काही शास्त्र आहे का?

शंकासुर:
नैराश्यासाठी समुपदेशन सुरू केलंय. वाटलं होतं, बालपण उकरून काढतील. हातात पडला तासातासाचा तक्ता. काय केलं ते लिहा, मूडला शून्य ते दहा गुण द्या, पुढच्या आठवड्याची आंघोळ, फिरणं, फोन आधीच ठरवून ठेवा. अहो, उठवत नाही म्हणून तर मी तिथे गेलो! "उठा" हे घरचे फुकटात सांगतात.

अर्धविराम:
तक्त्यावरून मीही भांडले होते, मग चिडून वाचायला बसले. याला बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात, म्हणजे मूडची वाट न पाहता आधी कृती. मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांच्या नैराश्यावरच्या उपचारात कृतीही होती आणि विचार तपासणंही. १९९६ मध्ये मानसशास्त्रज्ञ नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी त्याचे भाग सुटे करून पाहिले. १५० रुग्ण, तीन गट: एकाला नुसती कृती, दुसऱ्याला कृती आणि मनात आपोआप उमटणाऱ्या विचारांची तपासणी, तिसऱ्याला संपूर्ण उपचार. तिन्ही गटांत फरक निघाला नाही. गंमत म्हणजे उपचार करणाऱ्यांचा स्वतःचा कल संपूर्ण उपचाराकडे होता! पुढे २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या ४४० जणांच्या चाचणीतही ही साधी पद्धत सीबीटीपेक्षा (विचार आणि वागणं दोन्हींवर काम करणाऱ्या, बेक यांच्या वळणाच्या उपचारापेक्षा) कमी पडली नाही, आणि ती देणारे कर्मचारी मानसोपचाराचं व्यावसायिक शिक्षण घेतलेले नव्हते.

घरच्यांचं "ऊठ" वेगळं. मन लागत नाही म्हणून आपण एकेक गोष्ट सोडतो, सोडल्यामुळे बरं वाटण्याच्या जागा कमी होतात, मग मन आणखी उतरतं. तक्त्यात नेमकं कशाने गुण वर गेले ते सापडतं. माझे फोनने जात नव्हते, कुंड्यांना पाणी घालण्याने जायचे. आणि काम घड्याळावर बांधायचं, उत्साहावर नाही. उत्साह मागून येतो. आला तर. काही दिवस येत नाही.

लिफ्टवाला:
माझं दुखणं पॅनिकचं. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलेलं चक्र माझ्यावर तंतोतंत बसतं: छाती धडधडली, "हार्ट अटॅक" वाटलं, घाबरलो, धडधड वाढली. मी लिफ्टमध्ये जायचो, पण पाण्याची बाटली आणि गोळी मुठीत धरून. थेरपिस्टने दोन्ही बाहेर ठेवायला लावली. हातात असेपर्यंत मनाला वाटत राहतं की बाटलीनेच वाचवलं.

शंकासुर:
मग नैराश्यात मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन कमी असतं म्हणतात, त्याचं काय? नैराश्याच्या गोळ्या बंद करू?

अर्धविराम:
नका! २०२२ च्या एका मोठ्या आढाव्यात सेरोटोनिन कमी असल्याचा सातत्याने पुरावा मिळाला नाही, हे खरं. पण गोळी उपयोगी पडते का, हा प्रश्न निराळा, त्याच्या चाचण्याही निराळ्या. अचानक सोडल्याने चक्कर, झोपमोड, अस्वस्थता येऊ शकते. बदल डॉक्टरांना विचारूनच.

आणि फिरणं जमत नसेल तर तक्त्यात नुसतं "चपला घालणे" लिहा. समुपदेशक हसणार नाहीत.

शंकासुर:
चपला लिहिल्या. घरच्यांना तक्ता दाखवत नाहीये.