टेलनेट बंद करून एसएसएचवर (एन्क्रिप्ट केलेलं लॉगिन) जायचंय, काम न थांबवता कसं करू? (अंबड, नाशिक)

अंबडकर_९:
मंडळी, अंबड एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात सर्व्हर, नेटवर्क सगळं मी एकटाच बघतो. जुन्या लिनक्स सर्व्हरवर अजून टेलनेटनेच (दुरून लॉगिन, पण पासवर्डसकट सगळं उघडं) जातो, फायली एफटीपीने (तेही तसंच उघडं), आणि सॉफ्टवेअरवाला बाहेरून लॉगिन करतो म्हणून राउटरवर टेलनेटचा 23 पोर्ट उघडा आहे. परवा मित्राने स्विचवर पोर्ट मिरर करून (माझ्या ट्रॅफिकची कॉपी स्वतःकडे वळवून) वायरशार्क हे ट्रॅफिक बघायचं सॉफ्टवेअर लावलं, मी इकडे पासवर्ड टाकतोय आणि तिकडे त्याच्या स्क्रीनवर एकेक अक्षर उमटतंय! रात्रभर झोप नाही लागली. मालक म्हणतात चाललंय ना, हात कशाला लावतो. काय करू?

सिन्नर_वायर:
भाऊ, बाकी सगळं नंतर, आधी राउटरवरचा 23 आजच्या आज बंद कर. सॉफ्टवेअरवाला ओरडेल, ओरडू दे. तू जे पाहिलंस ना, तसल्याच पासवर्ड चोरीमुळे 1995 साली हेलसिंकीच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत टाटू यलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. आणि मालकांना सांग, ओपनएसएसएच हे त्याचं सॉफ्टवेअर फुकट आहे, खर्च फक्त तुझ्या एका रविवारचा.

पंचवटी_ताई:
रविवारी कर पण एक लक्षात ठेव. मी एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये पासवर्ड लॉगिन बंद केलं, सर्व्हिस रीस्टार्ट केली आणि विंडो बंद केली. माझी 'की' (पासवर्डऐवजी चालणारी किल्लीची फाईल) सर्व्हरवर नीट कॉपीच झाली नव्हती, रात्री साडेदहाला गाडी काढून सिन्नरला जावं लागलं, सर्व्हरला मॉनिटर लावून बसले तेव्हा कुठे आत गेले. म्हणून एक विंडो उघडीच ठेवायची, 'एसएसएचडी -टी' (sshd -t) ने कॉन्फिगची फाईल तपासायची, मग रीलोड, मग दुसऱ्या विंडोतून लॉगिन करून बघायचं, ते झालं तरच पहिली बंद. रूटचं (सगळे अधिकार असलेल्या युजरचं) थेट लॉगिनही बंद कर, आपल्या नावाने जाऊन लागेल तेव्हा सुडो कमांडने तेवढ्यापुरते अधिकार घ्यायचे.
आणि पहिल्यांदा जोडताना सर्व्हरचा फिंगरप्रिंट (ओळखीचा कोड) दाखवून विचारतं तिथे डोळे मिटून यस टाकू नकोस, सर्व्हरसमोर बसून तो लिहून घे आणि जुळवून बघ.

अंबडकर_९:
ताई थँक्स, हे खरंच माहीत नव्हतं. की कुठली बनवू, सर्व्हर फार जुना आहे.

सिन्नर_वायर:
ईडी25519 प्रकारची बनव, पासफ्रेज (त्या कीचा पासवर्ड) टाकूनच. पण ती 2014 च्या ओपनएसएसएच 6.5 पासून आली, त्याआधीचं व्हर्जन असेल तर 4096 बिटची आरएसए, आणि सर्व्हर बदलायचं मालकांच्या कानावर घाल. सॉफ्टवेअरवाल्याला वेगळा युजर, त्याची त्याची की, तोही व्हीपीएनमधूनच (बाहेरून आपल्या नेटवर्कात यायचा एन्क्रिप्ट केलेला रस्ता). तुमच्या सगळ्यांचा एकच पासवर्ड आहे ना? तो गेला असं समजूनच बदल.

अंबडकर_९:
23 बंद केला, माझं लॉगिन कीने चालू झालं. रिपोर्टच्या स्क्रिप्ट एसएफटीपीवर (एसएसएचमधून फायली पाठवणं) नेल्या, एसएसएचच्या 22 पोर्टवरूनच जातात म्हणून नवीन पोर्ट उघडावा लागला नाही. पण शॉपफ्लोअरवर एक मशीन आहे त्याच्या कंट्रोलरला एफटीपीशिवाय काही येतच नाही.

पंचवटी_ताई:
ते बदलता येणार नाही, त्याला वेगळ्या व्हीलॅनमध्ये (स्विचवरच वेगळं काढलेलं नेटवर्क) टाक. मध्ये एक छोटा लिनक्स बॉक्स ठेव, मशीन त्याच्याशी एफटीपी बोलेल आणि तिथून पुढे सर्व्हरपर्यंत एसएफटीपी. त्या बॉक्सशिवाय मशीनपर्यंत कोणालाच जाता येऊ देऊ नकोस. अडलास तर इथेच लिही, संध्याकाळी सात नंतर असते मी.