वाइल्ड याम क्रीमबद्दल थोडं

ताई, वाइल्ड याम या रानकंदाचं क्रीम लावलं की शरीर त्यापासून प्रोजेस्टेरॉन हे स्त्री-हार्मोन बनवतं, असं तुम्ही वर लिहिलंय. तसं होत नाही हो. त्या रानकंदात डायोस्जेनिन नावाचं रसायन असतं. रसेल मार्कर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने 1940च्या दशकात मेक्सिकोत त्यापासून प्रोजेस्टेरॉन काढलं, पण प्रयोगशाळेत, रासायनिक प्रक्रियेने. आपल्या शरीराला ते जमत नाही. "नैसर्गिक" म्हणून डॉक्टर देतात ती मायक्रोनाइझ्ड (म्हणजे अगदी बारीक कण केलेल्या) प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल वेगळी. तिचा रेणू आपल्या बीजकोशातल्यासारखाच असतो.

हे कळकळीने लिहितेय, कारण इथे इंदूरला रामबागेत माझ्या जाऊबाईंनी असंच एक क्रीम आठ महिने मनगटाला चोळलं. वय सत्तेचाळीस, पाळी दहा-दहा दिवस चालायची. सराफ्यात जायचं म्हटलं तरी पर्समध्ये जास्तीची सलवार. शेवटी तपासलं तर हिमोग्लोबिन सात!

या वयात पुष्कळदा बीज बाहेरच पडत नाही. मग प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, इस्ट्रोजेन या दुसऱ्या स्त्री-हार्मोनमुळे गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं आणि रक्तस्राव वाढतो. त्यांची आधी सोनोग्राफी झाली, अस्तराचा तुकडा तपासला, मगच कॅप्सूल सुरू झाली. रात्री झोपताना घ्यायची, कारण तिने गुंगी येते. (झोप सुधारली, हा वरचा लाभ.)

आणि मेनोपॉजनंतर कुणी इस्ट्रोजेन घेत असेल, गर्भाशय काढलेलं नसेल, तर अस्तराच्या रक्षणासाठी क्रीमवर मुळीच विसंबू नका. तुमची पाळी किती दिवस चालते, ताई? सोनोग्राफी झालीय का?