परदेशातील परसबाग आणि कोंबड्या : आपापले अनुभव

कोरेगाव, पूर्वी लेस्टर, इंग्लंड

गेल्या आठवड्यात कोरेगावच्या बाजारात बुरडाने मांडलेली बांबूची डालगी दिसली आणि लेस्टरमधील आमच्या घरामागचा चिंचोळा तुकडा एकदम डोळ्यांसमोर उभा राहिला. लग्नानंतर अकरा वर्षे मी तेथे होते. पहिल्याच मे महिन्यात तेथील वाणसामानाच्या दुकानातून आणलेले पावट्याचे दाणे मी कुंपणाच्या कडेला लावले. जुलैपर्यंत वेलाने कुंपण झाकून टाकले, पाने तळहाताएवढी झाली, पण फूल मात्र एकही दिसेना. खत कमी पडले असावे, या समजुतीने मी खत घालत राहिले आणि वेल आणखीच माजला. पावटा हे लहान दिवसांचे पीक, म्हणजे दिवस लहान झाले की मगच फुलणारे, आहे आणि तेथे जूनमधला दिवस जवळजवळ सतरा तासांचा असतो, हे मला दोन वर्षांनी उमगले. पहिला तुरा दिसला तेव्हा ऑक्टोबर संपत आला होता आणि त्याच आठवड्यात रात्री दव गोठून तुरा काळा पडला. शेजारच्या वाफ्यातला बुटका घेवडा मात्र दोन-अडीच महिन्यांत शेंगांवर आला होता, कारण त्याला दिवसाच्या लांबीचे काहीच देणेघेणे नव्हते.

तिसऱ्या वर्षी आम्ही तीन तलंगा आणल्या. माहेरी कोंबड्यांना शिळी भाकरी आणि खरकटा भात घातलेला मी लहानपणापासून पाहिला होता. तेथे मात्र स्वयंपाकघरातून गेलेले काहीही कोंबड्यांना घालण्यास कायद्याने मनाई आहे, मग ती भाजीची साले का असेनात. म्हणून मी मेथी बागेतच बसून निवडू लागले, म्हणजे देठ घरात न जाता थेट त्यांच्यापुढे टाकता येत. मी पाटावर बसले की तिघी धावत येऊन पदराशी उभ्या राहत. त्या काळी पन्नासांहून कमी पक्ष्यांची नोंदणी सक्तीची नव्हती. आता १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंडमध्ये एकच कोंबडी पाळली तरी नोंदणी करावी लागते, हे नव्याने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. आपल्या भागातून बाहेर गेलेल्यांनी आपापले अनुभव अवश्य सांगावेत.

सांगली, सध्या मेलबर्न

माझ्या बाळंतपणासाठी आई आली तेव्हा तिने कृष्णाकाठच्या वांग्याचे बी राखेत घोळून एका जुन्या सुती फडक्यात बांधून आणले होते. विमानात भरायच्या कागदावर मी सांगितल्याप्रमाणे तिने बियाण्याची नोंद केली, त्यामुळे दंड झाला नाही. परंतु पुरचुंडी तिथेच ठेवावी लागली. अधिकारी अतिशय सौजन्याने बोलत होते. ते फडके तरी परत मिळेल का, असे आईने त्यांना मराठीतच विचारले. तेही मिळाले नाही. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. ऑस्ट्रेलियाचे नियम तेथील शेती रोगांपासून वाचवण्यासाठी आहेत, हे मला पटते, पण तिचा तो चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

पुढे तिनेच आमच्याकडे पहिला वाफा केला. रोहिणी निघाल्या की पेरणीची घाई, हे तिच्या अंगात मुरलेले. आणि आमच्याकडे तर तेव्हा थंडी सुरू होत असे. नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी येथे घोड्यांची मोठी शर्यत असते आणि टोमॅटोची रोपे त्या सुमारास लावावीत असा येथील लोकांचा ठोकताळा आहे. आईने तो ‘दिवाळीची लावणी’ म्हणून पक्का लक्षात ठेवला.

तासगाव, सध्या न्यू जर्सी

आमचे घर १९७८ पूर्वीचे आहे. त्या वर्षी अमेरिकेत घरगुती वापराच्या शिसेयुक्त रंगावर बंदी आली, त्यामुळे जुन्या घरांच्या भिंतींलगतच्या मातीत शिसे असण्याचा संभव असतो. खुरपे हाती घेण्याआधी विद्यापीठाच्या कृषी विस्तार केंद्राकडून माती तपासून घ्यावी, असे मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो. आमच्या मातीत शिसे निघाले. मग फळ्यांचे उंच वाफे करून त्यांत बाहेरची माती भरली आणि भिंतीलगत फक्त फुलझाडे ठेवली.

कोंबड्यांच्या बाबतीत मात्र आमच्या हातून मोठी चूक झाली. खुराड्याला षट्कोनी भोकांची साधी जाळी लावली होती. ती कोंबडीला आत ठेवते, परंतु रकूनला बाहेर ठेवत नाही. तो प्राणी पुढचे पंजे हातासारखे वापरतो. एका रात्री त्याने जाळीतून पंजा घालून दोन कोंबड्या मारल्या. सकाळी खुराडे उघडायला माझी सात वर्षांची मुलगी गेली होती. त्यानंतर अर्धा इंच भोकांची जाड वेल्डेड जाळी लावली, ती जमिनीतही फूटभर पुरली आणि दाराला कुलपासारखा अडकवायचा हूक बसवला, कारण साधी कडी रकून सहज उघडतो. मुलीने पुन्हा खुराड्याकडे जायला सहा महिने घेतले.

वाळवा, सध्या ओंटारिओ, कॅनडा

थोडक्यात लिहिते, कारण चुलीवर दूध आहे. आमची तांबडी कोंबडी दहा दिवसांपासून खुडूक बसली आहे. कोंबडा पाळण्यास आमच्या गावात परवानगी नाही, म्हणजे तिच्याखालच्या अंड्यांतून पिल्ले निघणार नाहीत. तिने दाणा जवळजवळ सोडला आहे. कोणी उपाय सांगेल का?

पाटण

ताई, मी परदेशी कधी गेलेले नाही, परंतु कोंबड्यांमध्येच वाढले आहे. फळलेली अंडी मिळत असतील, तर रात्रीच्या अंधारात तिच्याखाली ठेवा. एकविसाव्या दिवशी पिल्ले निघतील. मिळत नसतील, तर तिला खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात पेंढा न घालता तीन-चार दिवस ठेवा आणि दाणा-पाणी मात्र समोर असू द्या. पोटाखालची ऊब गेली की ती उठते. आमच्याकडे जुन्या बायका खुडूक कोंबडीला पाण्यात बुडवत असत. तुमच्या थंडीत ते मुळीच करू नका.

कराड, सध्या श्टुटगार्टजवळ, जर्मनी

येथे पहिली कोंबडी आणतानाच पशुवैद्यकीय कार्यालयात नोंद करावी लागते आणि न्यूकॅसल रोगाची लस सक्तीची आहे. हा रोग म्हणजे आपल्याकडची मानमोडी, म्हणजेच राणीखेत, हे कळले तेव्हा मला आजीचे रिकामे खुराडे आठवले. मी चौथीत असताना एका आठवड्यात तिच्या चौदा कोंबड्या माना वाकड्या होऊन गेल्या होत्या. लसीची बाटली हजार पक्ष्यांची असते आणि माझ्या कोंबड्या चार. म्हणून गावातील पक्षिपालकांच्या मंडळाचे सर्वजण ठरलेल्या सकाळी जमतात, लस पाण्यात कालवून वाटून घेतात आणि घाईने घरी जातात, कारण ते पाणी दोनेक तासांत पिऊन संपले पाहिजे. आदल्या रात्रीच पाण्याचे भांडे काढून ठेवतो, म्हणजे कोंबड्या सकाळी तहानलेल्या असतात. भाषा धड येत नसताना गावात माझी पहिली ओळख या रांगेत झाली.

कोरेगावच्या ताईंना विचारायचे आहे, की आमच्याकडेही पावटा फुलत नाही. त्यावर तुम्ही पुढे काही उपाय काढला का?

कोरेगाव, पूर्वी लेस्टर

हो, एक वर्ष जमले. दोन वेल मोठ्या कुंडीत लावून शेंडे खुडत बुटके ठेवले आणि सप्टेंबरच्या मध्यापासून कुंडी काचेच्या पडवीत घेतली. रात्री तेथे दिवा लावत नव्हते, हे महत्त्वाचे. नोव्हेंबरअखेर एका वेळच्या आमटीपुरते दाणे निघाले. कुंडी मात्र खोल घ्या, कारण मुळे फार खाली जातात.

येथे आता मांडवावर पावटा फुलून शेंगा भरल्या आहेत. उद्या सकाळी पहिली तोडणी आहे.